तिसऱ्या घंटेनंतरचा अंधार

दीड वर्षापूर्वी पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात एका नाटकाला पोचायला आम्हाला उशीर झाला आणि तिसरी घंटा होऊन प्रेक्षागृहातले दिवे मालवल्यावर आम्ही आत शिरलो. बरोबर माझी सव्वीस वर्षांची भाची होती. ती दाराशी क्षणभर थांबली आणि सरळ आमच्या रांगेकडे चालू लागली. मी मात्र खुर्च्यांच्या पाठी चाचपत तिच्यामागे गेले आणि रिकामी समजून ज्या खुर्चीत बसू पाहिले, तीत एक गृहस्थ आधीच बसलेले निघाले. त्यांनी ते हसण्यावारी नेले, मीही नेले. पण पहिला प्रवेश संपत आला तरी शेजारच्या माणसाचा चेहरा मला धड दिसत नव्हता, हे काही हसण्यावारी नेता येईना. त्याच महिन्यात मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून घेतला होता आणि ६/६ची ओळ दोन्ही डोळ्यांनी न अडखळता वाचली होती.

एकतीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम केल्यामुळे, दिसणे म्हणजे बारीक अक्षर वाचता येणे, अशीच माझी समजूत झालेली होती. चाळिशी लागली तेव्हा चष्मा घेतला, मोतीबिंदू झाले तेव्हा ते काढून नवी भिंगे बसवून घेतली, आणि डोळ्यांचे सगळे हिशेब चुकते झाले असे मानून मी स्वस्थ होते. नव्या भिंगांमुळे घरातल्या भिंती अचानक पांढऱ्या दिसू लागल्या होत्या, जुन्या साडीचा रंग काळा नसून गडद निळा आहे हे कळले होते. म्हणजे उजेडाची वाट अडवणारे, वयाने पिवळे पडलेले भिंग आता डोळ्यात नव्हते. तरीही अंधारात दिसेना, याचा अर्थ अडचण भिंगाच्या पलीकडे, मागे कुठेतरी होती. हे मला त्या वेळी सुचले नाही; नेत्रतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर मात्र इतके उघड वाटले, की आपल्याला ते का सुचू नये याचीच लाज वाटली.

अक्षरांचा तो तक्ता हेर्मान स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ साली तयार केला. त्याची थोरवी मान्य करूनही तो काय तपासतो हे नीट समजून घ्यायला हवे. भरपूर उजेड, पांढऱ्यावर ठळक काळे अक्षर, आणि नजर त्या अक्षरावर रोखलेली, अशी सगळी अनुकूलता दिल्यावर डोळा किती बारीक पाहू शकतो, एवढेच तो सांगतो. त्या वेळी काम करतो तो दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेला, जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीचा खळगा. दृष्टिपटल, म्हणजे ज्याला आपण बोलताना डोळ्याचा पडदा म्हणतो, ते सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे आहे. त्यात रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी साठेक लाख आहेत आणि अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी बाराएक कोटी. मधल्या खळग्याच्या अगदी केंद्रात शंकुपेशींची दाटी असते, दंडपेशी तिथे नसतातच. तेव्हा तक्त्यावरची परीक्षा ही बाराएक कोटी दंडपेशींना वगळून, मूठभर हुशार मुलांची घेतलेली परीक्षा आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आणि वय वाढते तसा आधी फटका बसतो तो नेमका दंडपेशींना. अमेरिकेतल्या क्रिस्टीन कर्सिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मरणोत्तर दान केलेल्या डोळ्यांमधल्या पेशी प्रत्यक्ष मोजल्या आणि १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: तारुण्यापासून नव्वदीपर्यंत दृष्टिपटलाच्या मधल्या भागातल्या सुमारे ३० टक्के दंडपेशी नाहीशा होतात, शंकुपेशींची संख्या मात्र जवळपास टिकून राहते. म्हणूनच म्हातारा माणूस दुपारी ओसरीवर बसून पंचांग वाचतो आणि रात्री दिवे गेले की माजघरातल्या उंबरठ्याला ठेचकाळतो.

असे का होते, हे समजायला दृष्टिपटलाच्या मागच्या बाजूला जावे लागते. तिथे रंजक पेशींचा एक थर आहे, एकाच पेशीच्या जाडीचा, फरशा बसवल्यासारखा. त्यातली एकेक पेशी आपल्यापुढच्या तिसेक प्रकाशग्राही पेशींची उस्तवार करते. दंडपेशीच्या टोकाला नाण्यांची चळत रचल्यासारख्या चकत्या असतात. रोज सकाळी उजाडल्यावर जुन्या चकत्या टोकाकडून गळतात आणि रंजक पेशी त्या गिळून पचवतात. साधारण दहा दिवसांत सगळी चळत नवी होते. शिवाय प्रकाश पडून विरलेले जीवनसत्त्व अ पुन्हा वापरण्याजोगे करून देणे, हेही याच पेशींचे काम. प्रौढ वयात त्या सहसा विभागत नाहीत. जन्मभर तेच कामगार, बदली नाही, सुट्टी नाही. सत्तर वर्षे रोज इतके पचवल्यावर काही न पचलेले उरतेच. ते लिपोफ्युसिन नावाच्या पिवळट कणांच्या रूपाने पेशीत साठत जाते. पेशींच्या खाली ब्रुखचे पटल नावाची पातळ चाळणी आहे, तिच्यातून रक्तातले पोषण वर येते आणि कचरा खाली जातो. वयाबरोबर ही चाळणी जाड होते, तिच्यात स्निग्ध पदार्थ तुंबतात, आणि मग वर जाणारे जीवनसत्त्व अ सुद्धा रेंगाळत पोचते. तरुण डोळा उजेडातून अंधारात गेला तर शंकुपेशी दहाएक मिनिटांत जेवढे जमेल तेवढे जुळवून घेतात, पुढचे काम दंडपेशी अर्ध्या-पाऊण तासात पुरे करतात. म्हाताऱ्या डोळ्यात हा वेळ वाढतो, कारण दंडपेशींना लागणारा माल वेळेवर येत नाही. रंगमंदिरात मला जे नडले ते हे.

बाहुलीचाही यात वाटा आहे. वयाबरोबर ती लहान होते आणि अंधारात पूर्वीइतकी फाकत नाही. आकसलेली बाहुली आणि पिवळे पडलेले भिंग मिळून साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो, असे फार पूर्वी मोजले गेले आहे. भिंग बदलले की त्यातली काही तूट भरून निघते. पडद्याच्या मागचे तुंबलेले मात्र शस्त्रक्रियेने मोकळे करता येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी आधी डोळ्यांत थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, अर्धा तास डोळे मिटून बसवले आणि मग आत पाहिले. नंतर ओसीटी नावाच्या यंत्रापुढे हनुवटी टेकवून एका हिरव्या खुणेकडे बघायला सांगितले. १९९१ साली अमेरिकेत एमआयटीतल्या संशोधकांनी हे तंत्र प्रथम मांडले. प्रकाशाच्या परावर्तनावरून ते दृष्टिपटलाचा उभा छेद दाखवते, भूगोलाच्या पुस्तकातल्या जमिनीच्या थरांसारखा. यंत्राच्या पडद्यावर माझ्या उजव्या डोळ्याचा छेद आला तेव्हा खालून दुसरी का तिसरी रेघ सरळ न जाता मध्येच तीन-चार ठिकाणी वर उचललेली दिसली, चटईखाली चिंचोके राहावेत तशी.

“काकू, ही ड्रुझेन,” त्या म्हणाल्या. “थोडीफार सगळ्यांनाच होतात. तुमच्या उजव्या डोळ्यातली जरा मोठी आहेत.”

हा शब्द मला नवा होता. घरी येऊन शोधला तर तो मूळचा जर्मन खाणकामगारांचा निघाला. खडकातल्या पोकळीत आतून चकाकणाऱ्या स्फटिकांचा थर असतो, त्याला ते ड्रूझ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर डोळ्यातल्या या पिवळट ठिपक्यांना तेच नाव मिळाले. माझे बालपण सिन्नरकडे गेले, त्यामुळे मला हे एकदम ओळखीचे वाटले. विहीर खणताना किंवा सुरुंग लावल्यावर काळ्या बसाल्टच्या पोटातून पांढऱ्या झिओलाइटच्या स्फटिकांनी भरलेल्या पोकळ्या निघत. आम्ही मुले सरसकट सगळ्यांनाच गारगोट्या म्हणायचो, आणि आता सिन्नरला त्याच नावाचे खनिजांचे संग्रहालय आहे. डोळ्यातल्या गारगोट्या स्फटिकांच्या नसतात; त्या स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने यांच्या, म्हणजे वर सांगितलेल्या तुंबलेल्या कचऱ्याच्या असतात. तरी मला हे नाव आवडले. आजाराला आपल्या गावच्या दगडाचे नाव असले की त्याची भीती थोडी कमी होते.

वय आणि आजार यांच्यातली सीमा इथे अक्षरशः मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत, मोजतात. ६३ मायक्रॉनपेक्षा लहान ठिपके असतील तर ते वयाचे, आजार नव्हे. ६३ ते १२५ मायक्रॉनच्या दरम्यानचे असतील आणि रंजक थरात इतर बदल नसतील, तर ती पीतबिंदूच्या (दृष्टिपटलाच्या मधल्या भागाचे हे नाव) वयपरत्वे होणाऱ्या ऱ्हासाची, म्हणजे एएमडीची, सुरुवात. १२५च्या वर गेले की मधली अवस्था. डॉक्टर तपासताना पट्टी लावून मोजत बसत नाहीत. दृष्टिचेता डोळ्यात शिरते त्या चकतीच्या कडेशी असलेली मोठी शीर साधारण १२५ मायक्रॉन रुंद असते, तिच्याशी तुलना करतात. माझ्या डाव्या डोळ्यातले ठिपके वयात बसतात, उजव्या डोळ्यातले सुरुवातीच्या आजारात. एकाच चेहऱ्यावरच्या दोन डोळ्यांपैकी एक म्हातारा आणि दुसरा आजारी ठरावा, ही गंमत मला अजून पचलेली नाही. आणि नीट विचार केला तर दोन्ही डोळ्यांत एकच गोष्ट चालू आहे, एका ठिकाणी ती थोडी पुढे गेली आहे, इतकेच.

या अवस्थेत तक्ता सहसा उत्तमच वाचता येतो. चाचपडायला होते ते अंधारात, आणि अंधुक फरक ओळखताना: करड्या जिन्यावरची करडी पायरी, वरणात पडलेला पांढरा खडा, ढगाळ संध्याकाळी रस्त्यातला गतिरोधक. माझ्या धंद्यातले उदाहरण द्यायचे तर स्वस्त करड्या कागदावर फिकट शाईत छापलेला अनुस्वार. शेवटच्या एक-दोन वर्षांत माझ्याकडून अनुस्वार निसटू लागले होते आणि संपादकांनी ते मला दोनदा सौम्यपणे दाखवले होते. मी दोष दिला तो छपाईला. छपाई वाईट होतीच, पण माझ्या शेजारी बसणाऱ्या तिशीतल्या मुलीला तेच अनुस्वार दिसत होते.

आता आईविषयी लिहायला हवे, कारण हे सगळे मी पूर्वी एकदा पाहिले होते आणि ओळखले नव्हते. २००१ साली आई चौऱ्याहत्तर वर्षांची होती. एके दिवशी तिने तक्रार केली की गवंड्याने देवघराची चौकट वाकडी बसवली आहे. ती चौकट तेव्हा पस्तीस वर्षांची होती. मग ती म्हणू लागली की वर्तमानपत्रातली अक्षरे मधोमध खचतात, शिरोरेषा दोरीवर ओला टॉवेल टाकल्यासारखी खाली झुकते. मी मुद्रितशोधक, शिरोरेषेचे हे वर्णन ऐकून मला कौतुक वाटले, काळजी वाटली नाही. एका डॉक्टरांना दाखवले, त्यांनी बाहुली मोठी न करताच वयोमान असे निदान करून चष्म्याचा नंबर बदलून दिला. प्रत्यक्षात तिच्या पीतबिंदूखाली नको तिथे नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटून त्यांतून पाझर सुरू झाला होता. पडदा खालून उचलला जातो, पेशींच्या रांगा विस्कटतात, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. त्या काळी थोड्याफार लेसरखेरीज फारसे उपाय नव्हते; या वाहिन्यांची वाढ रोखणारे, डोळ्यात टोचून देण्याचे रॅनिबिझुमॅब हे औषध अमेरिकेत २००६ साली मंजूर झाले. पुढे तिला समोरच्या माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. कडेची नजर शाबूत असल्यामुळे ती घरात कुठे न अडखळता फिरत असे, आणि म्हणून काही नातेवाइकांना ती सोंग करते असेही वाटे.

शेवटच्या वर्षांत तिला अंगणात भरजरी कपडे घातलेली लहान मुले दिसत. तिने हे कोणाला महिनाभर सांगितले नाही, वेड लागले म्हणतील म्हणून. मेंदूला मधल्या भागाकडून संदेश मिळेनासे झाले की तो स्वतःच चित्रे रचू लागतो. शार्ल बोने या स्विस निसर्गशास्त्रज्ञाने १७६० साली आपल्या आजोबांच्या अशाच अनुभवाची नोंद केली होती आणि आजही त्या लक्षणांना त्याचेच नाव आहे. आमच्याकडे मात्र दृष्ट काढली गेली.

आई-वडिलांपैकी कोणाला हा आजार असला तर मुलांना धोका वाढतो, हे आता मला ठाऊक आहे. आणखी एक गोष्ट निर्विवाद आहे, ती म्हणजे धूम्रपान. गोळ्यांबद्दल मात्र फार गैरसमज आहेत. औषधांच्या दुकानात ‘डोळ्यांच्या पडद्यासाठी’ म्हणून महागड्या डब्या मिळतात, आणि तपासणीनंतर मीही एक घ्यायला निघाले होते, डॉक्टरीणबाईंनी थांबवले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत जीवनसत्त्वे क आणि ई, बीटा कॅरोटीन आणि जस्त यांच्या ठरावीक मोठ्या मात्रांमुळे आजार शेवटच्या अवस्थेला जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. पण तो मधल्या अवस्थेतल्या आणि एका डोळ्यात आजार बळावलेल्या रुग्णांमध्ये. सुरुवातीच्या अवस्थेत फायदा दिसला नाही. धूम्रपान करणाऱ्यांना बीटा कॅरोटीनमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका असल्याने २०१३च्या पुढच्या चाचणीनंतर त्याऐवजी ल्युटीन आणि झिॲक्सँथिन आले. ही दोन्ही पिवळी द्रव्ये पीतबिंदूत असतातच आणि शरीर ती स्वतः तयार करत नाही. पालक, मेथी, मका यांतून ती मिळतात. मी डबीऐवजी मेथीच्या दोन जुड्या घेऊन घरी आले.

धाकट्या भावाचे प्रकरण वेगळे. त्याला नऊ वर्षे मधुमेह आहे आणि त्याचे एकच पालुपद, “ताई, मला नीट दिसतंय ना, मग कशाला?” एएमडीत बिघाड पडद्याच्या मागून सुरू होतो, मधुमेहात तो पडद्यातल्याच केशवाहिन्यांपासून. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की या वाहिन्यांना बाहेरून आवळून धरणाऱ्या पेशी मरतात, भिंत कमकुवत होते आणि जुन्या सायकलच्या ट्यूबला फुगा यावा तसे सूक्ष्म फुगवटे येतात. त्यांतून पाझर होतो, कुठे रक्ताचे ठिपके पडतात, कुठे वाहिनी बुजून पुढचा भाग उपाशी राहतो. पीतबिंदूला सूज येईपर्यंत किंवा डोळ्यात रक्तस्राव होईपर्यंत माणसाला काहीही जाणवत नाही, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. ब्रिटनमधल्या एका प्रदीर्घ अभ्यासात टाइप २ मधुमेहाचे निदान झाले त्याच वेळी एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या डोळ्यांत हे बदल सुरू झालेले आढळले. म्हणून या प्रकारात निदानाच्या दिवसापासूनच डोळे तपासायचे असतात, पाच-दहा वर्षे थांबून नव्हे. उलट बाजूही तितकीच ठाम आहे: टाइप १ मधुमेह असलेल्यांवरच्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवलेल्या गटात हा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. भारतात आज मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या घरात सांगितली जाते, आणि माझ्या ओळखीतल्या किती मधुमेहींनी बाहुल्या मोठ्या करून तपासणी करून घेतली आहे हे मी सहज मोजू गेले तर एका हाताची बोटेही लागली नाहीत.

काचबिंदूबद्दल थोडक्यात सांगते. त्यात दृष्टिचेतेतले धागे झिजतात. तेही वयाने थोडे कमी होतातच, पण मुळात दहा-बारा लाख असल्यामुळे बरेच गेल्याशिवाय नजरेच्या कडा आकसल्याचे कळत नाही. हीच गोष्ट पुन्हा: शिल्लक भरपूर, म्हणून खर्च लक्षात येत नाही.

माझ्या फ्रिजच्या दारावर आता दहा सेंटिमीटर चौरसाचा, उभ्याआडव्या रेघांचा एक कागद चिकटवलेला आहे. मार्क ॲम्सलर या स्विस नेत्रतज्ज्ञाची ही जाळी. वाचायचा चष्मा लावून, साधारण एक फुटावरून, एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे पाहायचे आणि आजूबाजूच्या रेघा वाकतात का, कुठे पुसट होतात का, ते बघायचे. एक डोळा झाकणे महत्त्वाचे, कारण दोन्ही उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो. आईच्या बाबतीतही उजवा डोळा बहुधा असाच महिनोन्महिने डाव्याला पाठीशी घालत राहिला होता. जाळीव्यतिरिक्त मी दर रविवारी पुरवणीतला एक मथळा तसाच पाहते. मोठ्या टाइपातली लांबलचक शिरोरेषा ही ॲम्सलरच्या रेघेपेक्षा माझ्या ओळखीची आहे. ती तसूभर जरी हलली तरी मला कळेल, असा मला विश्वास आहे, आणि तसे झाले तर सोमवारची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा आहे.

घरात दोन बदल केले. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पांढरी पट्टी ओढून घेतली, आणि रात्री न्हाणीघराकडे जाण्याच्या वाटेवर जमिनीलगत एक मिणमिणता पिवळा दिवा ठेवला, कारण रात्री मध्येच मोठा दिवा लावला की दंडपेशींनी जमवलेले सगळे वाया जाते आणि तो बंद केल्यावर परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. नाटकाला आम्ही आता पहिल्या घंटेआधी पोचतो.

भावाने शेवटी गेल्या महिन्यात तारीख घेतली. तक्ता त्याने घडाघडा वाचला आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. थेंब टाकल्यानंतर डाव्या डोळ्यात चार-पाच फुगवटे सापडले, पीतबिंदू अजून कोरडा आहे. सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. थेंबांनंतर तीन-चार तास स्कूटर चालवता येत नाही, आणि उन्हात डोळे उघडता येत नाहीत, म्हणून परतताना आम्ही रिक्षा केली. रिक्षावाल्याला रस्ता मी सांगत होते, आणि हा टोपी नाकापर्यंत ओढून बसला होता.